आईच्या श्वासातला धूर, मुलाच्या वागण्यात

न्यूयॉर्कच्या उत्तर मॅनहॅटन आणि साउथ ब्राँक्स भागातल्या गरोदर बायकांना १९९८ पासून संशोधकांनी पाठीवर अडकवायला एक छोटी सॅक दिली. आत पंप आणि फिल्टर. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत दोन दिवस बाई जाईल तिथे सॅक जायची, रात्री उशाशी असायची. या बायका सिगारेट ओढणाऱ्या नव्हत्या. कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रेडेरिका परेरा यांच्या नेतृत्वाखालच्या या अभ्यासात जन्मलेल्या मुलांची पुढे अनेक वर्षं तपासणी होत राहिली.

संशोधकांना मुख्यतः शोधायचे होते पीएएच, म्हणजे पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन. डिझेल, लाकूड, कोळसा, कचरा असं काहीही अर्धवट जळलं की ही संयुगं तयार होतात. ती गर्भाशयातली वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत जातात आणि डीएनएला चिकटतात. वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण पोचतात, हे बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं.

२०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ४६२ माय-लेकरांच्या जोड्यांचे निष्कर्ष आले. एरवी मूल नऊ ते अकरा वर्षांचं होताना रागलोभ सांभाळायला शिकतं. प्रसूतीच्या वेळी ज्या आयांच्या रक्तात डीएनएला चिकटलेल्या पीएएचची खूण सापडली होती, त्यांच्या मुलांमध्ये ही सुधारणा तशी दिसली नाही. आणि जे मूल स्वतःला आवरू शकत नाही, त्याला खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबणं, समोरच्याचा चेहरा वाचणं, मैत्री टिकवणं जड जातं. धूर थेट मैत्री तोडत नाही. तो आधी आवरण्याच्या क्षमतेवर घाला घालतो, नातेसंबंध त्यामागून अडखळतात. मला या संशोधनातली ही साखळी सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

मेंदूत नेमकं काय बिघडतं, याचा एक धागा उंदरांवरच्या प्रयोगांतून मिळाला आहे. मायक्रोग्लिया नावाच्या पेशी वाढत्या मेंदूतल्या अनावश्यक जोडण्या काढून टाकतात, संत्र्याच्या बागेत सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढतात तशा. ड्यूक विद्यापीठात गाभण उंदरिणींना डिझेलच्या धुराचे कण दिले आणि सोबत घरट्याचं सामानही कमी दिलं. त्यांच्या नर पिल्लांमध्ये ही छाटणी बिघडली आणि मोठेपणी त्यांचं सामाजिक वागणंही बदललं. न्यूयॉर्कमध्येही ज्या घरांत आर्थिक ओढाताण होती, तिथल्या मुलांवर पीएएचचा परिणाम अधिक दिसला. धूर आणि गरिबी एकाच घरात शिरतात, तेव्हा नुकसान जास्त होतं.

हे सारे गटांचे निष्कर्ष आहेत. एखाद्या हट्टी पोराकडे बोट दाखवून 'हे धुरामुळेच' असं म्हणता येणार नाही. वागणं घडवण्यात आनुवंशिकता, घर, शाळा या सगळ्यांचा हात असतो.

नागपुरात प्रदूषण म्हटलं की कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रांच्या चिमण्या डोळ्यांपुढे येतात. ते योग्यच आहे. सल्फर डायऑक्साइड, बारीक कण, पारा, उन्हाळ्यात उडणारी राख, हा भार तिथल्या गावांनी वर्षानुवर्षं सोसला आहे. पण पीएएचचा विचार करायचा तर नजर खाली आणावी लागते. मोठ्या बॉयलरमध्ये कोळसा बऱ्यापैकी पूर्ण जळतो. धुमसत, अर्धवट जळतं ते चौकातल्या शेकोटीतलं टायर, भांडेवाडीच्या कचरा डेपोत पेट घेणारा कचरा, फ्लॅट स्कीमच्या कोपऱ्यात पेटवलेला पालापाचोळा आणि चूल. हिवाळ्यात सकाळी हवा स्थिर असते. हा धूर जमिनीलगत, नाकाच्या उंचीवर साचून राहतो.

यावर गरोदर बाईलाच 'मास्क लाव, बाहेर पडू नकोस' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. खा-पी, उचलू नको, वाकू नको या यादीत अजून एक भर, आणि पुढे मूल चिडकं निघालं तर दोषही तिचाच! जिला भल्या पहाटे चार घरची धुणीभांडी करायला जायचं आहे, ती हवा निवडू शकत नाही. घरच्यांनी चुलीऐवजी गॅस, मच्छर अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी एवढं नक्की करावं.

बाकी काम शहराचं आहे. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये बंदी घातली, साध्या जाळण्याला ५,००० रुपये दंडही ठरवला. पण झाडलोट करणाऱ्या माणसाला पालापाचोळा न्यायला गाडी नसेल आणि टाकायला खड्डा नसेल, तर तो काडीच ओढणार. पिंपळ-कडुनिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. खताचे खड्डे आणि गाड्यांची सोय जानेवारीतच प्रत्येक वस्तीत व्हायला हवी.