फिन ताठ घ्या, जड घेऊ नका

नारळी पौर्णिमा होते, बोटी पुन्हा पाण्यात उतरतात, ऑक्टोबरात पाणी निवळायला लागतं आणि मालवण-तारकर्लीकडच्या डायव्हर मंडळींची नव्या फिन्सची, म्हणजे पोहताना पायांत घालायच्या रुंद पात्यांची, खरेदी सुरू होते. दरवर्षी तोच घोळ. ॲडव्हान्स्ड कोर्स झालेला, गोव्याचं ग्रँड आयलंड आणि कर्नाटकातलं नेत्राणी बेट करून आलेला, अंदमानची तिकिटं काढून बसलेला माणूस दुकानात जातो, फिन हातात तोलतो आणि म्हणतो, "जड आहे, म्हणजे ताठ असणार. हीच द्या." विकणाराही री ओढतो: "हातात धरून बगा दादा, वजन कसां आसा तां! धा वर्सां खंय जावचे नाय." टिकेल हे खरं. पण जड म्हणजे ताठ हे साफ खोटं आहे, आणि त्याची भरपाई पुढे प्रत्येक डाइव्हला करावी लागते.

बाकीचे वाद आधी उरकून टाकतो. पूर्ण बुटासारखी फिन की मागे पट्टा असलेली? सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांवरून चालायचं असेल तर पट्ट्याचीच घ्या, आत बूट घाला. कालवांच्या धारेवर अनवाणी पाय ठेवून बघायची गरज नाही. मधोमध चिरलेली स्प्लिट फिन? साधी कात्री किक (पाय आळीपाळीने वरखाली) मारत सरळ जायला ठीक आहे, पण ज्याला जागेवर वळायचं आहे, मागे सरकायचं आहे, त्याने ती घेऊ नये. या बाबतीत माझं मत पक्कं आहे. रंग कुठलाही घ्या. पात्याला किती भोकं, किती नाळी, यावर तासन्‌तास बोलणारे भेटतात. तो वेळ पाण्यात घालवलेला बरा.

ताठपणाबद्दल तुम्हांला बरंच ठाऊक असणार, म्हणून थोडक्यात. पातं जितकं कमी वाकतं तितका पायाचा हुकूम पाण्यापर्यंत लवकर पोचतो. फ्रॉग किकमध्ये (बेडकासारखे पाय मारत) पाणी मागे ढकलताना, हेलिकॉप्टर टर्न (जागच्या जागी वळण) घेताना आणि सगळ्यांत जास्त बॅक किकमध्ये (मागे सरकताना) हे जाणवतं, कारण तिथे पात्याची कड आणि वरची बाजू वापरायची असते. मऊ पातं तिथे नुसतं लवतं. ताठ फिनला मांड्यांची आणि घोट्यांची ताकद लागते, पेटके येऊ शकतात, म्हणून ताठ पातं आखूड आणि रुंद असलेलं बरं. दुकानात सगळे फिनचं टोक जमिनीवर दाबून बघतात. त्यातून फक्त लांबीतला वाक कळतो. पात्याच्या दोन्ही कडा धरून पीळ देऊन बघा आणि सोडल्यावर पातं किती झटकन सरळ होतं तेही बघा. वळताना कामाला येतो तो हा पीळ न खाण्याचा गुण.

आता वजन. खरी फसगत इथे होते.

हातात लागणारं वजन हवेतलं असतं. पाण्याखाली उरतं ते त्यातून विस्थापित पाण्याचं वजन वजा करून. समजा, दोन वेगळ्या बनावटीच्या फिन्स आहेत आणि दोन्ही हवेत प्रत्येकी १.२ किलो भरतात. पहिलीचं आकारमान १.१५ लिटर. समुद्राचं पाणी लिटरला साधारण १.०२५ किलो, म्हणजे ती १.१८ किलो पाणी बाजूला सारते आणि पाण्याखाली तिचं वजन उरतं जेमतेम २० ग्रॅम. दुसरी दाट रबराची, आकारमान ०.९ लिटर. ती ०.९२ किलो पाणी सारते, वजन उरतं २८० ग्रॅम. दुकानात दोन्ही सारख्याच जड लागल्या. पाण्यात एक जोडी जवळपास तरंगती, दुसरी अर्ध्या किलोहून जास्त ओढणारी. आणि दोन्हींपैकी जास्त ताठ कुठली हे यातलं काहीच सांगत नाही. ताठपणा पात्याची जाडी, कडेच्या जाड पट्ट्या आणि माल कुठला यावरून ठरतो.

अर्धा किलो म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. तराजूच्या दांडीवर वजन किती यापेक्षा ते टेकूपासून किती लांब टांगलंय हे महत्त्वाचं, आणि फिन शरीराच्या अगदी टोकाला असते. कमरेपासून मीटरभर मागे ५६० ग्रॅम लावले, तर ते सावरायला कमरेच्या अर्धा मीटर पुढे, म्हणजे सिलिंडरच्या मानेजवळ, किलोभराहून जास्त शिसं बांधावं लागतं. ते कोणी बांधत नाही. मग पाय खाली जातात आणि डायव्हर पाण्यात तिरका होतो, डोकं वर, फिन्स खाली.

तिरक्या माणसाची प्रत्येक किक त्याला पुढे नेते आणि थोडी वरही नेते. वर जाऊ नये म्हणून तो बीसीडीतली (तरंग सांभाळायच्या हवा भरलेल्या जाकिटातली) हवा सोडतो आणि किंचित जड होऊन पोहतो. आता किक थांबली की तो बुडतो, म्हणून तो थांबतच नाही. हवा लवकर संपते. मागे सरलेलं पाणी तिरकं खाली, थेट तळावर आदळतं. मालवणच्या किल्ल्याभोवती, देवबागच्या बाजूला, जिथे खाडीचा बारीक गाळ येऊन बसलेला असतो, तिथे दोन किकमध्ये मागच्याला काही दिसेनासं होतं. कोरलच्या वर असला तर पातं त्यावर घासतं. १९८७ मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं आणि त्याच अभयारण्यातल्या प्रवाळावर अनुभवी म्हणवणाऱ्या माणसाची फिन घासते, हे बघवत नाही. वर बोटीत आल्यावर तो म्हणतो, "आज बॉयन्सी जमली नाही," म्हणजे पाण्यात एका पातळीवर तरंगत राहणं जमलं नाही. बॉयन्सी त्याला येते. त्याच्या फिन्सच त्याचे पाय खाली खेचत होत्या.

हा गैरसमज आला कुठून, तेही सांगतो. स्क्युबाप्रो या कंपनीची जेट फिन १९६०च्या दशकापासून बाजारात आहे: काळी, रबरी, आखूड, ताठ आणि जड. पिढ्यान्‌पिढ्या नामांकित डायव्हर ती वापरत आले. एकाच वस्तूत दोन्ही गुण असल्यामुळे लोकांच्या डोक्यात ते एकच झाले. त्यात भर पडली थंड समुद्रातल्या लोकांच्या शिफारशींची. त्यांच्याकडे ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येऊ देणारा हवा भरलेला सूट, असतो, त्यातली हवा पायांकडे जाते, पाय वर उचलले जातात. तिथे जड फिन औषधासारखी लागू पडते. आपल्याकडे डाइव्हच्या हंगामात पाणी साधारण २६ ते ३० अंश. लोक लायक्राच्या पातळ कपड्यावर नाहीतर तीन मिलिमीटरच्या सूटवर उतरतात. पायांत हवा नाही, सूटला फारशी उचल नाही. दुखणं नसताना ते औषध घेतलं तर पाय बुडणारच.

याला अपवाद आहेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमचे सिलिंडर असतात. ते भरलेले असताना किंचित बुडतात आणि रिकामे होत आले की तरंगू लागतात, खालचं टोक आधी उचलतं. काहींचे पाय मुळातच हलके असतात. अशा माणसाला डाइव्हच्या शेवटी पाय वर जाताना जाणवत असेल तर थोडी जड फिन त्याने जरूर घ्यावी. पण आधी स्वतःला तपासावं. तळापासून दोन मीटर वर आडवे व्हा, हात छातीशी बांधा, किक पूर्ण थांबवा आणि अर्धा मिनिट तसेच राहा. पाय खाली गेले तर हलकी फिन, वर गेले तर जड, तसेच राहिले तर आहे तीच. सोबत्याला मोबाईलच्या कव्हरमधून व्हिडिओ घ्यायला सांगा. स्वतःला सगळे आडवेच वाटतात.

फिन मोजायला दुकानदाराच्या हाताची गरज नाही. मासे तोलायचा ताणकाटा घ्या, दोरीने फिन टांगा, जेट्टीवरून समुद्रात पूर्ण बुडवा, बुटातली हवा झटकून काढा आणि आकडा वाचा. हे घरच्या विहिरीत करू नका: गोडं पाणी हलकं असतं, आणि समुद्रात तरंगणारी फिन विहिरीत बुडलेली मी पाहिली आहे. तरंगणारी निघाली तर ताण दिसणारच नाही. तीही चालेल, फक्त बोटीवरून निसटली तर वाऱ्याबरोबर जाते.

जड जोडी आधीच घेऊन झाली असेल तर लगेच विकायची घाई नको. कमरेच्या पट्ट्यातलं एक किलो शिसं काढून सिलिंडरच्या वरच्या बेल्टवर लावून बघा. एकूण शिसं तेवढंच राहतं, जागा बदलते. त्याने पाय सरळ झाले तर तेवढ्यावर भागेल. नाही झाले तर तेवढीच ताठ, पण रबराऐवजी थर्मोप्लास्टिकची (हलक्या प्लास्टिकची) जोडी शोधा. आखूड रुंद पात्याच्या अशा फिन्स आता सहज मिळतात. ती उन्हात बोटीच्या पत्र्यावर टाकून ठेवू नका, आणि टोकावर उभी करून तर मुळीच नको, कारण तापलेलं पातं वाकून तसंच राहतं. पट्टा रबरी आला असेल तर बदलून स्टीलच्या स्प्रिंगचा घ्या. त्याचंही वजन ताणकाट्यावर फिनबरोबरच मोजा.