आधी फोटो, मग डीएनए

मूठभर ओल्या मातीत शेकडो सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक कृमी, असतात. मुळांवर गाठी आणणारे बदनाम झाले, पण बरेचसे मुक्तजीवी: जीवाणू, बुरशी किंवा इतर सूत्रकृमी खाणारे. बहुतेकांची लांबी जेमतेम एक मिलिमीटर. त्यात प्रजाती ओळखायच्या खुणा प्रौढांतच स्पष्ट दिसतात आणि नमुन्यात पिल्लंच भरपूर. डीएनए मात्र पिल्लातही तोच असतो, म्हणून ओळख त्यावरून पटवतात.

माती टिश्यू कागदावर पातळ पसरून, फनेलमधल्या पाण्याला टेकवून २४ ते ४८ तास ठेवली की कृमी खाली उतरतात. सुस्त जाती वरच राहतात, हे मोजणी करताना विसरू नये. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला नमुना डीएनएच्या कामाला जवळजवळ वाया गेलेलाच.

पुढे एकेक कृमी विरघळवायचा असतो, म्हणून तोंड, अन्ननलिका आणि शेपटीचे फोटो त्याआधीच काढावेत. मग तो सुईने उचलून ०.२५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या २० मायक्रोलिटर थेंबात रात्रभर ठेवतात, ९९ अंशांना ३ मिनिटं तापवतात आणि आम्ल व बफर घालून उदासीन करतात. पुढचा पीसीआर (डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं) फसण्याचं कारण अनेकदा अगदी साधं असतं: कृमी नळीच्या कडेला चिकटून राहतो, द्रावणात पोचतच नाही. नळी सूक्ष्मदर्शकाखाली धरून बघावी. कृमी न घातलेली एक नळीही सोबत चालवावी. तिच्यात डीएनएचा पट्टा उमटला, म्हणजे बाहेरचा डीएनए शिरला, तर सगळा संच बाद.

स्कॉटलंडमधल्या सोअरहोपच्या कुरणातल्या कृमींवर मार्क ब्लॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ओळख पटवायला १८एस आरआरएनए जनुकाचा (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या एका भागाचं जनुक) असा वापर केला. या जनुकाच्या प्रती पेशीत अनेक, त्यामुळे एकट्या कृमीतूनही तो वाढवता येतो. सुमारे ९०० अक्षरांचा तुकडा कुळ किंवा वंशापर्यंत नेतो. जवळच्या प्रजातींत मात्र तो जवळपास सारखाच निघतो. तिथे २८एस या रायबोसोमच्याच दुसऱ्या जनुकाचा डी२-डी३ भाग जास्त फरक दाखवतो. प्राण्यांच्या बारकोडिंगचं (डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून प्रजाती ओळखण्याचं) लाडकं सीओआय जनुक सूत्रकृमींत अनेकदा दगा देतं, कारण प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) जिथे चिकटायचे तोच भाग बदललेला असतो.

शिकारी मोनोंकस गटात आणखी एक घोळ: पोटातल्या भक्ष्याचा डीएनएही पीसीआरमध्ये वाढतो आणि डीएनएचा क्रम वाचायच्या आलेखात एकावर एक शिखरं दिसतात. शिवाय क्रम जुळवून बघायच्या डेटाबेसमधलं नावही चुकीचं असू शकतं. तिथला ९९ टक्के जुळणारा क्रम आणि आपला फोटो वेगळं बोलत असतील, तर आधी फोटोवर विश्वास ठेवावा.