टेबलटॉप वॉरगेममधली कॅनीची लढाई

इ.स.पू. 216 मध्ये 2 ऑगस्टला दक्षिण इटलीत ऑफिडस नदीकाठी कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमन फौज वेढून कापून काढली ती कॅनीची लढाई. प्राचीन काळातल्या लढायांचे वॉरगेम, म्हणजे टेबलावर सैनिकांच्या छोट्या मूर्ती (मिनिएचर) मांडून लढाईचे खेळ, खेळणारे ही लढाई पुन्हा पुन्हा मांडतात.

ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या आकड्यांप्रमाणे रोमन पायदळ 80,000 आणि घोडेस्वार 6,000, समोर हॅनिबलचं पायदळ 40,000 आणि घोडेस्वार 10,000. एवढी माणसं टेबलावर मावणार नाहीत, म्हणून एका बेसवर (छोट्या पट्टीवर) दोन-चार मिनिएचर चिकटवायचे आणि तो बेस म्हणजे काही हजार सैनिक धरायचे. 1990 साली आलेल्या डीबीए (De Bellis Antiquitatis) या वॉरगेमच्या नियमांत तर एका बाजूला 12 च बेस असतात, आणि दर टर्नला (खेळीला) फाशावर जेवढे पडतील तेवढेच बेस किंवा गट हलवता येतात, म्हणजे सेनापतीचा हुकूम सगळीकडे एकदम पोचत नाही हे आपोआप खेळात येतं.

हॅनिबलची मांडणी सगळ्यांना पाठ असते: मध्ये चंद्रकोरीसारखे पुढे आलेले गॉल आणि स्पॅनिश, त्यांच्या दोन्ही टोकांना लिबियन पायदळ, डावीकडे नदीलगत जड घोडदळ, उजवीकडे उत्तर आफ्रिकेतले न्यूमिडियन स्वार. खरी अडचण इथेच आहे, कारण रोमन बाजूने खेळणाऱ्यालाही ती पाठ असते, मग तो मध्ये घुसतच नाही, रांग लांब पसरतो आणि जी लढाई होते ती कॅनी राहतच नाही. म्हणून चांगल्या सिनारिओत (लढाईच्या ठरवून दिलेल्या मांडणीत) रोमनांना दाट, खोल रांगांतच उभं करतात आणि नदीमुळे जागाही कमी ठेवतात.

कॅनीला रोमन फौज मध्ये घुसवणाऱ्या रोमन सेनापती व्हॅरोला मूर्ख म्हणायची पद्धत आहे, पण रोमन बाजू स्वतः खेळून बघितली की ते पटत नाही. दोनच वर्षं आधी हॅनिबलविरुद्धच्याच ट्रेबियाच्या लढाईत सुमारे 10,000 रोमन मधली फळी फोडून बाहेर पडले होते, तोच घाव जास्त वजनाने घालायचा हा हिशोब काही वेडेपणाचा नव्हता. टेबलावर खरा जीव टांगणीला लागतो तो हॅनिबलचा: गॉलांनी मागे सरकायचं पण फुटायचं नाही, आणि घोडदळ रोमनांच्या पाठीवर येईपर्यंत तग धरायचा. फासे वाईट पडून मधली फळी दोन टर्न आधी फुटली तर लिबियन पायदळ दोन्ही बाजूंनी वळायच्या आतच सगळं संपतं, आणि हॅनिबल स्वतः भाऊ मॅगोसोबत त्याच फळीत उभा होता, म्हणून त्याचा बेसही तिथेच ठेवावा लागतो.