जुने घरसामान (ग्रामीण विदर्भ)

जुने घरसामान : वापरलेले फर्निचर पारखून विकत घेण्याचा व्यवहार. दारापुढे सामान मांडून विकण्याची अमेरिकी ‘गॅरेज सेल’ची रीत इकडे नाही. वाडा उतरवताना, बदलीवाल्या नोकरदाराने घर सोडताना, आठवडी बाजारात किंवा कबाड्याकडे वस्तू हाती लागते.

‘लिलाव’ आणि ‘आलमारी’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, याबद्दल फारसे दुमत नाही. ‘मेज’ मात्र वादात आहे. काही अभ्यासक तो पोर्तुगीज ‘मेझा’वरून आला असे मानतात, तर काही फार्सी ‘मेज़’वरून. ‘मेजवानी’ हा त्याच कुळातील फार्सी शब्द मराठीत रुळलेला असल्याने दुसरे मत अधिक संभवनीय वाटते.

जुन्या वाड्यांतील पलंग, बंगया (झोपाळे) व पेट्या बहुधा सागाच्या, क्वचित शिसवाच्या किंवा बिजा या झाडाच्या लाकडाच्या असतात. आलापल्ली आणि मेळघाट येथील सागवान प्रसिद्ध आहे; पण साग म्हटला की वाळवी लागत नाही, हा समज अर्धाच खरा. टिकतो तो गाभा, म्हणजे सोनेरी-तपकिरी भाग. कडेचे फिकट रसकाष्ठ किडे पोखरतात. पॉलिश हा फरक झाकते, म्हणून वस्तू उलटी करून पायांचे तळ व खणाची मागची फळी पाहावी. छिद्रांवर दाभण टोचावे; ते सहज आत गेले तर वस्तू सोडावी. शंका उरल्यास खाली काळे कापड पसरून रात्रभर ठेवावे. सकाळी मैद्यासारखी भुकटी पडलेली दिसली तर कीड बहुधा जिवंत आहे. बोरिक-बोरॅक्सचे द्रावण उघड्या लाकडातच मुरते, पॉलिशवर लावून उपयोग नाही.

खरेदीला एप्रिल-मे उत्तम. उन्हाने लाकूड आकसते, भेगा व सैल सांधे उघडे पडतात. पावसाळ्यात फुगून घट्ट भासलेला पलंग पुढच्या उन्हाळ्यात करकरू लागतो. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. अर्ध्या इंचाहून अधिक फरक असल्यास चौकट वाकडी झालेली असते. सैल सांध्यात खिळा ठोकल्याने कुसू (खाचेत बसणारे लाकडाचे टोक) फाटते. त्याऐवजी जुना सरस गरम ओल्या फडक्याने मऊ करून खरवडावा, लाकूड वाळू द्यावे, मग नवा गोंद लावून दोरीच्या पिळाने 24 तास आवळून ठेवावे. जुन्या सरसावर नवा गोंद धरत नाही, आणि बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात.

लोखंडी आलमारीचा तळ व बिजागऱ्यांजवळचा गंज पाहावा. जुन्या गादीचा कापूस पिंजून वापरता येतो, पण शिवणीत ढेकूण असल्यास ती घेऊच नये.

उतरवलेल्या वाड्याच्या तुळया-वासे नेण्याआधी वनविभागाकडे परवान्याची चौकशी करावी. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 41 नुसार इमारती लाकडाच्या वाहतुकीवर राज्य शासन नियम करते.