मोटारीची रिमोट किल्ली : बिघाड, दुरुस्ती आणि बदली

मोटारीची दारे दुरून उघडण्या-लावण्यासाठी आणि बहुतेक आधुनिक गाड्यांत इंजिन सुरू करण्यासाठी वापरली जाणारी किल्ली. बाहेरून ही एकच वस्तू दिसते, पण आत तीन स्वतंत्र गोष्टी असतात : बटण दाबल्यावर संदेश पाठवणारा छोटा रेडिओ प्रक्षेपक, इमोबिलायझरला (ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या गाडीतल्या यंत्रणेला) ओळख पटवणारी ट्रान्सपाँडर चिप आणि कुलपात फिरणारे धातूचे पाते. तिन्हींचे बिघाड वेगळे, उपाय वेगळे आणि खर्चातही मोठा फरक. ‘रिमोट चालत नाही’ एवढ्यावरून पूर्ण नवी किल्ली घेतली जाते तेव्हा पुष्कळदा फक्त सेल किंवा बटणाखालचा स्विच बदलायचा असतो. म्हणून नेमके काय बंद पडले आहे हे आधी ठरवावे, सुटे भाग नंतर मागवावेत.

हातातल्या रिमोटने दार उघडणारी सुरुवातीची मोटार म्हणजे १९८२ची रेनॉ फुएगो. तिचा रिमोट अवरक्त किरणांवर चालत असे. पुढे रेडिओ लहरी आल्या. नव्वदच्या दशकात वाहनचोऱ्या वाढल्यावर इमोबिलायझर रूढ झाला आणि १९९८मध्ये जर्मनी व ब्रिटनमध्ये तो नव्या मोटारींना सक्तीचा झाला.

कार्यपद्धती : बटणांचा प्रक्षेपक उत्तर अमेरिका आणि जपानसाठीच्या गाड्यांत बहुधा ३१५ मेगाहर्ट्झवर, तर युरोप, भारत आणि इतर बऱ्याच देशांत ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतो. काही युरोपीय गाड्यांत ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा असतो. प्रक्षेपकाला सेल लागतो. ट्रान्सपाँडरला लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती एक कॉइल गुंडाळलेली असते. तिच्यातून सुमारे १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्यावरच चिप जागी होते आणि आपली ओळख परत पाठवते. ओळख पटली नाही तर स्टार्टर फिरला तरी इंजिन धरत नाही, किंवा धरून एक-दोन सेकंदांत बंद पडते. काही गाड्यांत स्टार्टरच फिरत नाही.

खिशात ठेवूनच चालणाऱ्या स्मार्ट किल्लीत आणखी एक टप्पा असतो. गाडी कमी वारंवारतेचा हाकारा देते, किल्ली तो ऐकते आणि उत्तर रेडिओवरून पाठवते. ऐकण्याचे हे काम सतत चालू असल्यामुळे अशा किल्लीचा सेल साध्या रिमोटपेक्षा लवकर संपतो. गाडीला लागूनच्या भिंतीवर किल्ली टांगून ठेवली तर ती वारंवार जागी होते आणि सेल आणखी लवकर उतरतो. काही नव्या किल्ल्यांत हालचाल ओळखणारा संवेदक असतो. किल्ली स्थिर असेल तर तो तिला झोपवतो.

निदान : पहिली चाचणी दुसऱ्या किल्लीची. दुसरी किल्ली सगळे करत असेल तर दोष पहिल्या किल्लीत. दोन्ही एकाच वेळी बंद पडल्या असतील तर गाडीकडे पाहावे. नंतर किल्लीची कामे सुटी सुटी तपासावीत. पाते घालून दार उघडते का, इंजिन सुरू होते का, बटणे दारे उघडतात का? इंजिन सुरू होते पण बटणे चालत नाहीत, याचा अर्थ चिप शाबूत आहे आणि दोष सेल, स्विच किंवा प्रक्षेपकात आहे. बटणे चालतात पण इमोबिलायझरचा दिवा भराभर लुकलुकतो आणि इंजिन धरत नाही, याचा अर्थ दोष चिप किंवा कॉइलच्या बाजूला आहे. तिथे सेल बदलून उपयोग नाही.

एकच बटण चालत नसेल तर सेलचा संबंध नाही, त्या बटणाखालचा स्विच गेला आहे. पूर्वी वीस पावलांवरून उघडणारी गाडी आता दाराशी गेल्यावरच उघडत असेल तर बहुधा सेल उतरलेला असतो. थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे हे लक्षण सकाळी दिसते आणि दुपारी नाहीसे होते.

एकाच ठिकाणी उभी असताना गाडी प्रतिसाद देत नाही आणि दुसरीकडे नेल्यावर देते, तेव्हा परिसरातला रेडिओ गोंगाट शोधावा. ४३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बिनतारी घंटा, हवामान यंत्रे, दारांचे रिमोट अशी अनेक उपकरणे असतात. त्यांतले एखादे बिघडून सतत प्रक्षेपण करू लागले की आसपासच्या गाड्यांचे रिमोट बंद पडल्यासारखे वाटतात. गाडीतला हलक्या प्रतीचा मोबाइल चार्जरही स्मार्ट किल्लीच्या संवादात अडथळा आणतो. तो काढून पुन्हा पाहावे.

किल्ली प्रक्षेपण करते की नाही, हे चावीवाल्यांकडच्या वारंवारता-मापकावर लगेच कळते. संगणकाला जोडायच्या साध्या रेडिओ ग्राहकावरही बटण दाबताच ४३३.९२वर उंच रेघ उठताना दिसते. रेघ दिसली म्हणजे प्रक्षेपक जिवंत आहे. संदेश बरोबर आहे की नाही ते तिच्यावरून कळत नाही. बटण दाबून किल्लीच्या दिव्याची चमक मोबाइलच्या कॅमेऱ्याने पाहण्याची युक्ती फक्त अवरक्त किल्ल्यांना लागू पडते.

सेल : सर्वांत जास्त वापरला जाणारा सेल सीआर २०३२ होय. आकड्यातच माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. २०२५ची जाडी २.५ आणि २०१६ची १.६. व्यास सारखाच असल्याने पातळ सेल जाड सेलच्या जागी बसतो, पण सेलला संपर्क देणाऱ्या धातूच्या पत्तीला नीट टेकत नाही आणि किल्ली हलवली की संपर्क तुटतो. याच्या उलट फसगतही होते. काही जुन्या किल्ल्यांत २०१६चे दोन सेल एकावर एक असतात. त्यांची मिळून जाडी ३.२ मिलिमीटर, म्हणजे एका २०३२ इतकीच, म्हणून एकच २०३२ चपखल बसतो. दाब मात्र ६ व्होल्टऐवजी ३ व्होल्ट मिळतो आणि रिमोट मुका राहतो. जुने सेल काढताना किती निघाले आणि कोणती बाजू वर होती, याचा फोटो काढून ठेवावा.

नव्या सेलवर मल्टिमीटर ३.० ते ३.३ व्होल्ट दाखवतो. नुसते मोजून निर्णय घेऊ नये, कारण उतरलेला सेलही मोकळा असताना ३ च्या जवळ दाखवतो. सेल किल्लीतच ठेवून दोन्ही टोकांना मीटर लावावा आणि बटण दाबावे. आकडा त्या क्षणी २.५ किंवा त्याखाली घसरला तर सेल बदलावा. पुन्हा भारित होणारे त्याच आकाराचे सेल वापरू नयेत. पूर्ण भरल्यावर त्यांचा दाब ४.२ व्होल्टपर्यंत जातो, जो ३ व्होल्टसाठी बनलेल्या मंडलाला (सर्किटला) जास्त आहे, आणि त्यांची क्षमताही फार कमी असते.

बदलताना आधी पाते बाहेर काढावे. बहुतेक स्मार्ट किल्ल्यांत त्याच्या खोबणीतच कव्हर उघडायची खाच असते. चपट्या पेचकसाच्या टोकावर चिकटपट्टी गुंडाळून ते खाचेत घालावे आणि उचकटण्याऐवजी हलकेच पिळावे. सेल उचलायला प्लॅस्टिकचा चिमटा चांगला. धातूच्या चिमट्याने दोन्ही टोके जोडली जातात. नवा सेल कडेने धरावा, बोटांचा तेलकटपणा पृष्ठभागावर लागू देऊ नये. पत्त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. दबून सपाट झालेली पत्ती अर्धा मिलिमीटर वर उचलली की अनेक ‘बिघडलेल्या’ किल्ल्या तिथेच चालू होतात. मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही सेलांवर कडू लेप असतो. तो काही किल्ल्यांत संपर्क होऊ देत नाही. तसे झाले तर बिनलेपाचा सेल वापरून पाहावा.

काढलेला सेल टेबलावर राहू देऊ नये. बाळाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. ‘संपलेल्या’ सेलमध्येही तेवढी शक्ती उरलेली असते. असा संशय जरी आला तरी उलटी करवू नये, थेट रुग्णालय गाठावे. टाकून देताना दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी.

मंडलातले दोष : रबरी बटणाखाली छोटा टॅक्ट स्विच असतो. तो दाबल्यावर ‘टक्’ लागत नसेल, किंवा मीटरवर सलगता (वीज एका टोकातून दुसऱ्या टोकाला जाणे) दिसत नसेल, तर तो गेला आहे. बदलताना लांबी-रुंदीइतकीच उंची जुळवावी लागते : उंच स्विच कव्हर लावताच दाबलेला राहतो आणि नवा सेल भराभर उतरवतो. सेल काढूनच सोल्डरिंग करावे, प्रत्येक पायाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त उष्णता देऊ नये.

सेलच्या पत्तीचे सोल्डर तडकणे हा तितकाच सामान्य दोष आहे. किल्ली पिळल्यावर किंवा टेबलावर आपटल्यावर ती क्षणभर चालते, हे त्याचे लक्षण. भिंगातून पाहिल्यास पत्तीच्या पायाभोवती केसासारखी गोल चीर दिसते. थोडे नवे सोल्डर दिले की काम होते. किल्ली उंचावरून पडल्यानंतर पल्ला एकदम घटला असेल तर वारंवारता ठरवणारा रेझोनेटर दुखावलेला असण्याची शक्यता असते. स्मार्ट किल्लीत तीन दिशांना हाकारा ऐकणारी फेराइटची कॉइल असते आणि फेराइट ठिसूळ असते. तिची एक दिशा तुटली तर किल्ली विशिष्ट कोनात धरल्यावरच दार उघडते. हा दोष ओळखायला अवघड जातो, कारण बटणे उत्तम चालत असतात.

भिजलेल्या किल्लीतून आधी सेल काढावा. बटणे दाबून पाहू नयेत. वीज आणि ओलावा एकत्र आले की तांब्याच्या रेघा काही तासांत हिरव्या पडू लागतात. आतली मंडलाची पट्टी स्वच्छ पाण्याने, मग किमान ९० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावी, मऊ ब्रशने घासावी आणि हवेत एक दिवस वाळू द्यावी. तांदळाच्या डब्यात ठेवून क्षार निघत नाहीत आणि खरे नुकसान क्षारांनीच होते.

बदलते संकेत : दर वेळी तोच संदेश गेला तर कोणीही तो टिपून पुन्हा वाजवू शकेल. म्हणून प्रत्येक दाबण्याबरोबर किल्लीतला गणक एकाने वाढतो आणि गाडी पुढच्याच आकड्यांना मान्यता देते. कीलॉक या जुन्या आणि बऱ्याच गाड्यांत वापरल्या गेलेल्या पद्धतीत गणक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांचा आहे. शिफारस केलेल्या रचनेत किल्ली १६ पायऱ्यांपर्यंत पुढे गेली असेल तर गाडी लगेच ऐकते. त्याहून पुढे, ३२,७६८ पर्यंत, गेली असेल तर लागोपाठ दोन वैध संदेश मागते. मुलांनी खेळताना बटण शंभरदा दाबले असेल तर गाडीजवळ उभे राहून दोनदा दाबणे एवढाच उपाय असतो. काही गाड्यांत सेल बदलल्यावर किल्ली इग्निशनमध्ये ‘ऑन’ करून कुलपाचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. नेमकी रीत त्या गाडीच्या पुस्तिकेत असते.

गाडीकडचे दोष : गाडीची १२ व्होल्टची बॅटरी खाली गेली असेल तर कोणतीच किल्ली चालणार नाही. दार किंवा डिकी नीट न लागणे, इग्निशनमध्ये दुसरी किल्ली राहणे, कुलपाचा फ्यूज जाणे, यांमुळेही रिमोटला प्रतिसाद मिळत नाही. दिवे लुकलुकतात पण एकच दार उघडत नाही, तेव्हा संदेश पोहोचलेला असतो. त्या दारातली मोटर किंवा बिजागरीजवळची वायर तपासावी.

स्मार्ट किल्लीचा सेल वाटेत संपला तरी गाडी सुरू करता येते. किल्लीत लपवलेले पाते काढून दार उघडावे. कुलपाचे भोक काही गाड्यांत हँडलच्या टोपणाखाली असते. मग ब्रेक दाबून किल्लीच स्टार्ट बटणाला टेकवावी, किंवा कन्सोल, स्टिअरिंगचा खांब अशा नेमून दिलेल्या जागी ठेवावी. तिथल्या कॉइलमुळे चिप सेलविना वाचली जाते. दार उघडताना भोंगा वाजू लागला तर घाबरू नये, इंजिन सुरू होताच तो थांबतो.

कव्हर बदलणे : मोडलेले कव्हर किंवा फाटलेले रबर यासाठी नवी किल्ली लागत नाही, रिकामे कव्हर मिळते. मात्र बऱ्याच किल्ल्यांत ट्रान्सपाँडर मंडलाच्या पट्टीवर नसतो. तो तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या नळीच्या किंवा छोट्या काळ्या ठोकळ्याच्या रूपात कव्हरच्या कोपऱ्यात वेगळा चिकटवलेला असतो. जुने कव्हर कचऱ्यात जाते, त्याबरोबर चिपही जाते, आणि दारे उघडणारी पण इंजिन सुरू न करणारी किल्ली हातात राहते. काळा ठोकळा प्लॅस्टिकमध्ये रुतला असेल तर भोवतीचे कव्हर कापून काढावे, चिपवर जोर देऊ नये. पाते नव्या कव्हरात न्यायचे असेल तर बारीक पिन ठोकून बाहेर काढावी लागते.

नवी किल्ली : दिसायला हुबेहूब असलेल्या दोन किल्ल्या आतून वेगळ्या असू शकतात. वारंवारता, चिपचा प्रकार, भाग क्रमांक आणि पात्याचा आकार हे चारही जुळले पाहिजेत. ४६, ४८, ४डी असे चिपचे प्रकार चावीवाले आकड्यांनीच ओळखतात. वापरलेली किल्ली स्वस्त मिळते, पण बऱ्याच चिपा पहिल्या गाडीशी कायमच्या बांधल्या जातात. विशेष उपकरणाने ‘मोकळी’ केल्याशिवाय दुसरी गाडी त्या स्वीकारत नाही.

पाते शक्यतो किल्लीच्या क्रमांकावरून कापून घ्यावे. झिजलेल्या पात्याची नक्कल केली तर झीजही नकलेत उतरते.

नोंदणीच्या तीन वाटा आहेत. काही जुन्या गाड्यांत इग्निशन ठरावीक वेळा चालू-बंद करून, बटण दाबून रिमोट शिकवता येतो. पण ही रीत बहुधा फक्त बटणांपुरती असते, इमोबिलायझरसाठी नाही. दुसरी आणि रूढ वाट ओबीडी सॉकेटला (गाडीच्या निदानासाठी असलेल्या जोडणीला) उपकरण जोडून, बहुधा गाडीच्या सुरक्षा पिनच्या आधारे नोंद करण्याची. तिसरी, सगळ्या किल्ल्या हरवल्यावरची : नियंत्रक (किल्ल्यांची नोंद ठेवणारा गाडीतला छोटा संगणक) काढून त्यातली स्मृती थेट वाचावी लागते. दुसरी आणि तिसरी यांच्या खर्चातले अंतर पाहता, एकच किल्ली उरलेली असताना दुसरी करून घेणे कधीही शहाणपणाचे.

नोंदणीला जाताना सगळ्या किल्ल्या बरोबर न्याव्यात. अनेक गाड्यांत नवी नोंद सुरू होताच जुनी यादी पुसली जाते, मग घरी राहिलेली किल्ली गाडीला अनोळखी होते. बॅटरी भरलेली असावी, लांबलेल्या कामात तिला आधार द्यावा. नियंत्रकात लिहिणे अर्धवट तुटले तर किल्लीपेक्षा महाग भाग निकामी होऊ शकतो. चिपची नक्कल हाही एक पर्याय आहे, पण मूळ आणि नक्कल यांत गाडीला फरक दिसत नाही, म्हणून हरवलेली किल्ली नंतर एकटी बाद करता येत नाही.

हरवलेली किल्ली चोरीला गेल्याचा संशय असेल तर तिची नोंद पुसून घ्यावी. तिचे पाते दार मात्र उघडतच राहते. तोही धोका टाळायचा तर कुलपाचे सिलिंडर बदलावे लागतात. जुनी गाडी विकत घेताना उपकरणावर नोंदलेल्या किल्ल्यांची संख्या पाहता येत असेल तर ती पाहावी. हातात दोन आणि यादीत तीन असतील तर यादी पुसून दोनच नव्याने नोंदवून घ्याव्यात.