मोर्चाची परवानगी: बेळगावात अर्ज अडतो तो इथे

"डीसी ऑफिसला अर्ज दिलाय, हा बघा शिक्का." मोर्चाच्या सकाळी हे ऐकू येते तेव्हा रस्त्यावर बॅरिकेड लागलेले असतात. तो शिक्का जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पोहोचेचा, परवानगीचा नव्हे. शहरातली परवानगी पोलिस आयुक्तांकडून येते, अर्ज हद्दीच्या ठाण्यातून वर जातो. खानापूर-निपाणीला आयुक्तालय नाही. तिथे स्थानिक ठाणे आणि तहसीलदार. इंटरनेटवर सापडणारा 2021 चा आंदोलन-परवाना आदेश फक्त बेंगळुरू शहरापुरता आहे, त्याचा नमुना भरून आणू नका.

अर्जात दिवस, वेळ, मार्ग, अंदाजे माणसे, आयोजकांची ओळखपत्रे आणि फोन. ध्वनिक्षेपकाची परवानगी लेखी लागते, आणि रात्री 10 नंतर तो बंद.

भाषेचे काय? गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या कलम 350 मध्ये आहे. मराठी निवेदन कोणी परत केले तर हेच कलम दाखवा. परवानगीच्या अर्जाला मात्र कन्नड प्रत जोडा. यात माघार कसली? टेबलावरच्या माणसाला वाचता आले नाही तर कागद तिथेच धूळ खातो, आणि तारीख निघून जाते.

सगळ्यात महागात पडते ती हमीपत्रातली 'शस्त्र बाळगणार नाही' ही ओळ. लोक न वाचता सही करतात. कलम 19 ने दिलेला हक्कच मुळी शांततेने आणि निःशस्त्र जमण्याचा आहे. आपण शस्त्र म्हणजे बंदूक-तलवार धरतो. पण जमाव बेकायदा ठरला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 189 खाली जीव घेऊ शकेल अशी कुठलीही वस्तू जवळ असणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उसाच्या फडातून थेट आलेल्याच्या पिशवीतला कोयता त्यात बसतो. पीकरक्षणाची बंदूक परवान्याची असली तरी घरीच ठेवा. कर्नाटक पोलिस कायद्याच्या कलम 35 चा आदेश लागू असेल तर लाठ्याकाठ्या, दगड, अगदी जाळायला नेलेला पुतळाही अडवता येतो. झेंड्याचा जाड सोटा उगाच कशाला?

सरकारी इमारतीत घोषणा देत शिरू नका. लोक फाटकाबाहेर थांबावेत, चार-पाच जणांनी आत जाऊन निवेदन द्यावे आणि पोहोच घ्यावी. दालनात कर्मचाऱ्याशी धक्काबुक्की झाली की न्याय संहितेचे कलम 132 लागते, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे 353. मग पोरांच्या नोकरीच्या पडताळणीत तो गुन्हा वर येतो.

हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन असताना जमावबंदीचा आदेश आधी मिळवून वाचा: कुठली हद्द, कुठल्या तारखा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 चा हा आदेश एरवी 2 महिन्यांपुरताच असतो.

परवानगी नाकारली तर ठाण्यात तोंडी सांगून बोळवण करतात. लेखी कारण मागा, द्यायला टाळाटाळ झाली तर तसा अर्ज देऊन त्याचीही पोहोच घ्या. उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात वकील पहिल्यांदा तोच कागद मागतो. तिथे जायलाही दिवस हवेत, म्हणून 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या मोर्चाचा अर्ज 30 ऑक्टोबरला नको, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच टाका.