पाणबुड्यांचे स्वयंचलित घड्याळ : जपणूक आणि मूल्य

पाण्याखाली किती वेळ गेला ते पाणबुड्याला, म्हणजे पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसाला, कळावे म्हणून बनवलेले, खोल पाण्याचा दाब सोसणारे आणि मनगटाच्या हालचालीतूनच ज्याला चावी मिळत राहते असे यांत्रिक मनगटी घड्याळ. बोलण्यात त्याला ‘डायव्हर’ किंवा ‘डाइव्ह वॉच’ म्हणतात. वेळेचे आणि खोलीचे गणित आता डाइव्ह कॉम्प्युटर हे इलेक्ट्रॉनिक उपकरण सांभाळते, त्यामुळे पाण्यात हे घड्याळ बहुधा जोडीला बांधले जाते. तरीही त्याची मागणी टिकून आहे. त्याचे मूल्य ठरवताना मात्र ते उपकरण मानायचे की संग्रहातील वस्तू, हा प्रश्न पदोपदी उभा राहतो.

या घड्याळाचा आजचा घाट १९५३ साली ठरला. बॉब मालुबिए आणि क्लोद रिफो या अधिकाऱ्यांना फ्रेंच नौदलाच्या बुडी मारणाऱ्या सैनिकांसाठी जसे घड्याळ हवे होते, तसे ब्लांपेन कंपनीने ‘फिफ्टी फॅदम्स’ या नावाने तयार केले. फॅदम हे पाण्याची खोली मोजण्याचे माप; ५० फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. त्याच वर्षीच्या रोलेक्स सबमरिनरची मर्यादा १०० मीटर होती. सेइकोने १९६५ साली १५० मीटरचे घड्याळ आणून जपानची सुरुवात केली. काळी तबकडी, अंधारात उजळणारे ठसठशीत काटे, आट्यांनी घट्ट बसणारी चावी आणि काचेभोवतीचे फिरते कडे, म्हणजे बेझेल, ही ओळख तेव्हापासून कायम आहे. पाण्यात उतरताना बेझेलवरची मुख्य खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, की पुढे गेलेली मिनिटे थेट वाचता येतात. आजचे बेझेल एकाच दिशेने फिरते, कारण धक्का लागून ते सरकले तर गेलेला वेळ जास्त दिसावा, कमी दिसू नये. जास्त दिसला तर पाणबुड्या फार तर लवकर वर येतो.

यंत्रात अर्धचंद्राकृती वजनदार रोटर हाताच्या हालचालीने फिरतो आणि स्प्रिंग गुंडाळतो. स्प्रिंग पूर्ण भरली की तिचे टोक डब्याच्या आतल्या भिंतीवर घसरते, म्हणून जास्त चावी बसून ती तुटण्याची भीती नसते. बहुतेक यंत्रे सेकंदाला ६ किंवा ८ ठोके देतात आणि हातातून काढल्यावर साधारण दीड ते तीन दिवस चालतात.

पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीचे आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रथम १९८२ साली आले आणि पुढे १९९६ व २०१८ साली सुधारले गेले. त्यानुसार घड्याळाने किमान १०० मीटर खोली सोसली पाहिजे, छापील मर्यादेच्या सव्वापट दाबावर ते तपासले गेले पाहिजे आणि अंधारात २५ सेंटिमीटरवरून वाचता आले पाहिजे. यातली एक चाचणी अगदी साधी आहे. घड्याळ ४० ते ४५ अंश सेल्सिअस तापलेल्या पट्टीवर ठेवतात, गरम झाल्यावर काचेवर गार पाण्याचा थेंब सोडतात आणि मिनिटभराने तो पुसतात. काचेच्या आतून धुके दिसले, तर ओल आत शिरली आहे हे नक्की. पोहताना हात मारल्याने दाब कितीतरी पटींनी वाढतो, हा समज मात्र चुकीचा आहे. सेकंदाला ५ मीटर वेगाने हात फिरवला तरी दाबात भर पडते ती जेमतेम सव्वा मीटर पाण्याइतकी. पाणी शिरते ते बहुधा वाळलेल्या गॅस्केटमधून, म्हणजे सांध्यात बसवलेल्या रबरी कड्यातून, किंवा नीट न आवळलेल्या चावीतून.

म्हणून तबकडीवर छापलेला मीटरचा आकडा घड्याळ नवे असतानाचा मानावा. पाण्यात वापरायचे घड्याळ वर्षातून एकदा दाबयंत्रावर तपासून घ्यावे, समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवावे आणि पाण्याखाली चावीला हात लावू नये. साबण आणि गरम पाण्याचे स्नान गॅस्केटला बाधते. काही वर्षांनी वंगण सुकते, तेव्हा यंत्र पूर्ण सोडवून साफ करावे लागते. घड्याळाची चाल तपासणाऱ्या यंत्रावर बॅलन्स चाकाचा, म्हणजे मागेपुढे झुलून वेळेचा ठेका धरणाऱ्या चाकाचा, झोका पूर्ण चावीला सुमारे २७० ते ३१० अंश दिसला, तर प्रकृती ठीक समजतात. रोज नियमाने १० सेकंद पुढे जाणारे घड्याळ एक दिवस पुढे, एक दिवस मागे पडणाऱ्या घड्याळापेक्षा चांगले, कारण पहिले जुळवून घेता येते.

जुन्या घड्याळाची पारख इथून अवघड होते. चमकणाऱ्या रंगात १९६० च्या सुमारापर्यंत रेडियम असे, पुढे ट्रिशियम आले आणि १९९० च्या दशकात प्रकाश साठवणाऱ्या किरणोत्सर्गरहित रंगांनी त्याची जागा घेतली. ट्रिशियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे आहे. तेव्हा १९७० सालचे घड्याळ विजेरीच्या उजेडात धरल्यावर अंधारात बराच वेळ लख्ख उजळत राहिले, तर तो रंग नंतर भरलेला समजावा. तबकडीवरचे ठिपके पिवळसर आणि काटे पांढरे असतील, तर काटे बदललेले असण्याचा दाट संभव असतो. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या, पट्टा अडकवण्याच्या शिंगांवरही बोट फिरवून पाहावे. मूळ कड धारदार लागते, वारंवार पॉलिश केलेली गुळगुळीत आणि गोल लागते, आणि झिजलेला धातू परत येत नाही.

संग्राहक मूळ तबकडी आणि मूळ काटे यांना सर्वांत जास्त मोल देतात. गंमत नव्हे, खरा पेच असा की ज्या दुरुस्तीने घड्याळ पुन्हा पाण्यात उतरण्याजोगे होते, तिनेच त्याचे बाजारातले मोल घटू शकते. पूर्वीच्या कारागिराने विझलेले काटे बदलले ते पाणबुड्याच्या जिवाला जपून, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही. गॅस्केट बदलण्यात तर कोणतीच हानी नाही. ते झिजण्यासाठीच असते, आणि मूळ गॅस्केट जपणारा अख्खे यंत्र गंजवून बसतो. दुर्मीळ तबकडीचे घड्याळ कोरडे ठेवावे. साधे, भरपूर बनलेले घड्याळ निर्धास्त दुरुस्त करून वापरावे. दोन्ही वेळा काढलेला प्रत्येक भाग कारागिराकडून मागून घ्यावा आणि कोणता भाग कधी बदलला याची चिठ्ठी घालून, खोका व कागदपत्रांसोबत ठेवावा. पुढच्या मालकाला मूळ काटे परत बसवता येतात ते त्यामुळेच.